गुरुनाथची लांब पल्ल्याची बंदूक

"आमच्या विदर्भात चारशे यार्ड म्हणजे अंगण हो! अंगणातून नेम धरायचा आणि संपवायचं!"

कंपनीच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरून डबे आणायच्या पार्टीत, गुरुनाथ हे बोलून गेला आणि तिथेच फसला. ऐकणारा त्याचा बॉस होता, डेल. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या त्या ऑफिसात गुरुनाथच्या ग्रीन कार्डाचे कागद याच डेलच्या टेबलावर सहीची वाट बघत पडले होते. शिवाय डेल पक्का शिकारी.

"ग्रेट!" डेल म्हणाला. "नोव्हेंबरमध्ये हरणांच्या शिकारीला चल. रायफल तुझी तू आण. आधी नेमबाजीच्या रेंजवर तुझा हात बघू."

आजवर गुरुनाथने जत्रेतली फुगे फोडायची बंदूक तेवढी धरली होती, तीही डोळे मिटून! नाही म्हणावं तर सही लांबते, हो म्हणावं तर बंदूक उडवावी लागते. त्याने दोन्ही भीती मनात तोलून पाहिल्या. सहीची भीती वजनाला भारी निघाली.

व्हिसावाल्याला बंदूक घ्यायची तर आधी शिकारीचा परवाना लागतो. तो त्याने काढला. पण २००६ सालातले ते दिवस असे, की आपल्या रंगाच्या माणसाने विमानतळावर नेलकटर नेला तरी चार जण गोळा व्हायचे. आणि हा दुकानात जाऊन लांब पल्ल्याची रायफल मागणार! इथलाच वाटावा म्हणून इथल्या फुटबॉल संघाची जांभळी टोपी कानापर्यंत ओढून तो काउंटरवर गेला. घाबरलेला माणूस सवयीने बोलतो, तसं त्याच्या तोंडून निघालं, "सेकंडहँड आहे का? लास्ट प्राइस बोला. आणि पट्टा वर द्या." मेथीच्या जुडीवर कोथिंबीर मागावी तसा! दुकानदाराने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. गुरुनाथला वाटलं, आता हा पोलिसांना फोन करणार. त्याने पट्टा दिला.

बाकीचा साज घरगुती. दुर्बीण कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमधली, दुधी भोपळ्याएवढी. खांद्याला धक्का बसू नये म्हणून दस्त्याला योगा मॅटचा तुकडा. गाल टेकायला जुन्या रजईची गुंडाळी. चष्म्यातून नीट दिसेना, म्हणून त्याने दुर्बीण सरकवत सरकवत पार डोळ्याजवळ आणून बसवली. रायफल अशी दिसायला लागली, की हरणाने पाहिली असती तर हसूनच मेलं असतं!

त्याची बायको अहिल्या मात्र हसली नाही. "अहो, ती घराबाहेर ठेवा. मला धडधडतंय."

"रिकामी आहे गं!"

"पेपरात येते ती दर वेळी रिकामीच असते!" ती म्हणाली. "उद्या खंडेनवमी आहे. पूजा झाल्याशिवाय हिला हात लावायचा नाही. तुमच्या स्क्रूड्रायव्हरची करतो, लॅपटॉपची करतो, मग हिची नको?"

दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली, लॅपटॉप, मिक्सर आणि कोपऱ्यात उभी रायफल, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. दस्त्यावर झेंडूचं फूल ठेवलं. गुरुनाथ अक्षता वाहून मागे सरकला.

"बाहेरून वाहून काय उपयोग?" अहिल्या म्हणाली. "फुटलीच तर आतून फुटणार ना? मग आतही वाहा!"

बिनतोड मुद्दा! भीतीने अर्धमेला झालेला माणूस असल्या मुद्द्याला नाही म्हणत नाही. ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षतांची चिमूट त्याने वरून नळीत सोडली. मग आणखी एक, ग्रीन कार्डासाठी.

शनिवारी रेंजवर चहूकडे धाडधाड चाललेली. दर आवाजाला गुरुनाथ बसल्या जागी वीतभर उडत होता. डेलने रायफल हातात घेतली, गराज सेलच्या दुर्बिणीकडे पाहून भुवई उडवली, मग मागचा बोल्ट काढून उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं.

उजेड दिसेना!

त्याने सळई घालून ढकलली. बाहेर आला लाल तांदळाचा गड्डा.

"गुरू," डेलचा आवाज बदलला, "हे काय आहे?"

"राइस, सर. ब्लेसिंग."

"ही उडवली असतीस ना, तर नळी फुटून तुझ्या तोंडावर आली असती!"

गुरुनाथ बाकावर टेकला. पण त्या भीतीतही एक कोपरा सुखावला: सुटलो! आता कोण उडवायला सांगतोय!

डेलने शांतपणे नळी चकचकीत पुसली, गोळी भरली, रायफल त्याच्या हातात दिली. "आता मार. तुझं अंगण समज."

गुरुनाथने कुलदैवत आठवलं, डोळे मिटले आणि चाप ओढला. धाड! योगा मॅट कुठच्या कुठे उडाली आणि डोळ्याला चिकटलेली ती दुर्बीण मागे येऊन कचकन भुवईवर बसली. गोळी कुठे गेली, ते त्या गोळीलाच ठाऊक.

संध्याकाळी अहिल्याने दार उघडलं. उजव्या भुवईवर लालभडक, कोरून काढल्यासारखी अर्धगोल जखम!

"अगंबाई! चंद्रकोर लावायचीच होती तर मधोमध तरी लावायची!" म्हणत ती हळद आणायला धावली. "आणि तो डेल काय म्हणाला? सही गेली ना?"

"नाही गं. त्याने टोपी काढून स्वतःची दाखवली. हीच, उजव्या भुवईवर. म्हणाला, पहिल्या बंदुकीने प्रत्येकाला दिलेली असते. मिठी मारली मला. सोमवारी सही करतोय."

"मग तोंड असं का पाडलंय?"

"तो म्हणाला," गुरुनाथ भिंतीला टेकत म्हणाला, "आता तू कायमचा इथेच राहणार. म्हणजे दर वर्षी शिकारीला येशील!"