पुलावर गर्दी करू नये

संकटकाळी माणसाला सर्वांत आधी हवी असते ती सूचना. होडी, दोरखंड, कोरडे कपडे वगैरे गोष्टी नंतरच्या. आमच्या भागातल्या आपत्ती संदेश कक्षाने हे सत्य फार पूर्वीच ओळखले, आणि म्हणूनच कक्षाकडे होडी एक आणि मसुदे लिहिणारे सातजण आहेत. (होडी जुनी आहे. मसुदेही.)

कक्षाचा पहिला आवडता संदेश म्हणजे ‘नागरिकांनी सतर्क राहावे’. म्हणजे नेमके काय करावे, असे कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीने एकदा लेखी विचारले होते. सतर्क राहणे हीच कृती असून तीत खंड पडू देऊ नये, असे उत्तर आले. तेव्हापासून पावसाळाभर आम्ही गॅलरीत खुर्च्या टाकून सतर्क असतो. चहाही तिथेच होतो.

दुसरा संदेश धरणातून किती क्युसेक पाणी सोडले याचा. क्युसेक म्हणजे किती हे कुणालाच ठाऊक नसल्याने त्यावर मत सगळ्यांनाच देता येते. सोसायटीच्या ग्रुपवर आमचे निवृत्त इंजिनिअर आमोद सबनीस प्रत्येक आकड्याखाली ‘हे काहीच नाही’ असे लिहितात. (ते चौथ्या मजल्यावर राहतात.)

पण खरा लोकप्रिय संदेश तिसरा: ‘पूर पाहण्यासाठी पुलावर गर्दी करू नये.’ पूर आता पाहण्यासारखा झाला आहे, हे सामान्य माणसाला दुसरे कोण सांगणार? हा संदेश आला की घरोघरी छत्र्या निघतात, आणि एरवी मतदानालाही खाली न उतरणारी वडीलधारी मंडळी ‘आम्हालाही न्या’ म्हणून हटून बसतात. कक्षाने केलेल्या पाहणीत शंभरांतल्या चौऱ्याण्णव जणांना पुलावर जायचे हा संदेश वाचूनच सुचले. उरलेल्या सहांनी तो पुलावरच वाचला.

कक्षाच्या प्रमुख मंदाकिनी वानखेडे यवतमाळहून बदलून आलेल्या. सांगितले की माणसे ऐकतात, अशी त्यांची तिकडची समजूत होती. परवाच्या पुरात, दुपारी, नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरणार हे नक्की झाले, तेव्हा घरे रिकामी करण्याची सूचना गल्लोगल्ली द्यावी असे त्यांनी ठरवले. कक्षाकडे भोंगा नव्हता. घंटागाडीला होता. तेव्हा घंटागाडी पाठवली.

घंटागाडी नियमाची पक्की. तिने आधी ओल्या-सुक्या कचऱ्याचे गाणे लावले आणि त्यानंतर सूचना. गाण्याच्या पहिल्याच ओळीला अख्खी वस्ती बादल्या घेऊन बाहेर आली. दुपारी कशी काय गाडी, असे एकमेकांना विचारत लोकांनी कचरा दिला आणि ते घरात गेले. (त्या दिवशीचे वर्गीकरण नमुनेदार होते, असा शेरा आरोग्य विभागाने दिला आहे.) गाडी पुढे सरकल्यावर सूचना वाजली. ती ज्यांना ऐकू आली ते सामान घेऊन शाळेत गेले.

आबेदाबींना ती ऐकू आली नाही. बुधवार पेठेत पुस्तके बांधून देणाऱ्या रज्जाकची ही आई. रज्जाक दुकानात होता, फोन लागत नव्हता. पाणी उंबऱ्यावरून आत आले, पलंगाला टेकले, तेव्हा गुडघ्यांमुळे ज्या लोखंडी जिन्याला त्यांनी कित्येक वर्षे पाय लावला नव्हता तो चढून बाई गच्चीवर गेल्या. चारही बाजूंनी नदी, आणि मध्ये त्या एकट्या.

पुलावरून ती गच्ची अगदी स्वच्छ दिसत होती. आम्ही जागा लवकर धरली होती. बाईंनी ओढणी काढली आणि आमच्याकडे बघून हलवायला लागल्या. पुणेकर अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलत नाही, असा आमच्यावर जुना आरोप आहे. तो त्या दिवशी खोटा ठरला. अख्ख्या पुलाने हात हलवून त्यांना प्रतिसाद दिला. काहींनी मुलांना खांद्यावर घेऊन त्यांचेही हात हलवले.

एवढ्यात पुलाच्या तोंडाशी होडी घेऊन टेम्पो आला आणि अडकला. होडी पाण्यात सोडायचा उतार पलीकडच्या तीरावर होता. रस्ता गर्दीने अडला आहे हे सर्वांना मान्य होते, फक्त गर्दी म्हणजे इतर लोक, याबद्दल एकमत होते. दुकान तसेच टाकून धावत आलेला रज्जाक टेम्पोच्या पुढे उभा राहून हात जोडत होता. “अहो, माझी आई आहे ती,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ते ऐकवत नव्हते, म्हणून पुष्कळांनी तोंडे नदीकडे फिरवली.

टेम्पोबरोबर आलेल्या वानखेडेबाईंनी वर चढून टेम्पोवाल्याचा माइक घेतला. बाजूला व्हा, असे त्यांनी सांगून पाहिले, तर ते कोणाला सांगताहेत हे बघायला मागचे लोक पुढे आले. बाईंनी एकदा सगळ्या पुलावरून नजर फिरवली. त्या क्षणी त्या पुणेकर झाल्या, असे माझे मत आहे.

“होडी उतरवायला धडधाकट माणसं हवी आहेत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सगळ्यांनी आहात तिथेच थांबा. आम्ही येऊन नावं घेतो.”

पूल रिकामा झाला. सबनीसांना गॅस चालू राहिल्याचे आठवले, एका तरुणाची मीटिंग निघाली, दोघांची कंबर तिथल्या तिथे धरली. टेम्पो सुसाट पलीकडे गेला. होडी गच्चीला लागली तेव्हा पाणी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत आबेदाबींना भेटायला गेलो. माझी पुस्तके रज्जाकच बांधतो, तेव्हा जाणे भाग होते. पुलावरच्या गर्दीचा व्हिडिओ तोवर सगळीकडे फिरला होता. बाई मुलाच्या फोनवर तो थांबवून थांबवून एकेक चेहरा बघत होत्या.

“भाऊ, हात गळून आले होते माझे,” त्या मला म्हणाल्या. “पण एवढी माणसं हात करून सांगत होती, धीर धरा, आम्ही येतोय. म्हणून मी उभी राहिले. त्यातल्या एकाला तरी भेटवा मला.”

रज्जाक नुसता माझ्याकडे बघत होता. आता खोटे कसे बोलणार? माझ्या एका हातात छत्री होती आणि दुसऱ्या हाताने मी व्हिडिओ घेत होतो, त्यामुळे मला हात हलवता आला नव्हता. तुम्ही शेजारीच उभे होतात, चांगला दंड उंचावून हलवत होतात. मी तुमचे नाव सांगितले आहे. रविवारी सकाळी आबेदाबी रज्जाकला घेऊन तुमच्याकडे आभार मानायला येणार आहेत. घरी थांबा.