घड्याळजींच्या मेंढीची आंघोळ

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने मेंढी पाळू नये असा काही कायदा नाही, पण घड्याळजींच्या बायकोच्या मते तो असायला हवा होता. घड्याळजींचं म्हणणं, ज्याचा हात केसाएवढ्या स्प्रिंगवर चालतो त्याला मेंढी म्हणजे डाव्या हातचा मळ. शिवाय ही साधीसुधी मेंढी नव्हती. एकाच जातीत दोन फायदे: लोण्यासारखी मऊ लोकर आणि मागणी असलेलं मांस. पहिल्या फायद्यावर घड्याळजी तासभर बोलत. दुसऱ्याचा विषय निघाला की मेंढीच्या कानांवर हात ठेवत.

त्या दुसऱ्यात रस होता मेहुण्याला. त्याचं मटणाचं दुकान होतं. दर रविवारी बहिणीकडे चहाला आला की तो मेंढीच्या पाठीवरून हात फिरवी, आणि ते काही मायेने नव्हे.

घड्याळजींच्या दुकानाला लागूनच बायकोची लॉन्ड्री. एक दिवस मेंढीने गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटाची बाही चघळली. बायकोने तिथल्या तिथे निकाल दिला: शनिवारच्या पशुप्रदर्शनात लोकरीचं बक्षीस मिळालं तर मेंढी राहील, नाहीतर सोमवारी भावाकडे.

"बक्षीस आलंच म्हणून समज," घड्याळजी म्हणाले.

शुक्रवारी बायको कपडे पोचवायला बाहेर पडली आणि घड्याळजींनी बाह्या सरसावल्या. मेंढी चिखलाने माखली होती. लॉन्ड्रीच्या बंबात सोसवेल इतकं गरम पाणी होतं, पिंपभर साबणाची पूड होती, ब्रश होता. अडलं कुठे होतं? घड्याळाची काच पुसावी तसं त्यांनी मेंढीला गोल गोल तासभर घासलं. तिने आधी दोन लाथा घातल्या, मग उबेने डोळे मिटून घेतले. नंतर कपडे वाळवायच्या पंख्यासमोर तिला उभी केली.

संध्याकाळी मेंढी पांढरीशुभ्र झाली. घड्याळजींनी कौतुकाने लोकरीत बोटं घातली. बोटं आत जाईनात. त्यांनी टिचकी मारली, तर पुठ्ठ्यावर मारावी तसा आवाज आला.

बायकोने परत आल्यावर मेंढीला हात लावला. गरम पाणी, साबण आणि घासणं, तिन्ही एकत्र आलं की लोकर आवळून तिचा घट्ट जाड नमदा होतो, हे तिने एकेक शब्द सावकाश उच्चारत सांगितलं. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत बसता, एकदा विचारायला तोंड झिजलं असतं का, असंही विचारलं.

तरी घड्याळजी प्रदर्शनाला गेलेच. परीक्षक म्हणून आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी लोकरीत फणी घातली, ती मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. मग त्यांनी कागदावर लिहिलं, 'लोकर: आढळली नाही', आणि हे ओझं जनावराच्या अंगावरून आत्ताच्या आत्ता उतरवा म्हणून बजावलं.

मेहुणा दोर घेऊन हजरच होता. हत्यार चालवायची सवय असलेला तोच एकटा, म्हणून काम त्याच्याकडे आलं. त्याने पोटाखालून हळूच कापत नेलं आणि अख्खी लोकर ओव्हरकोटासारखी उतरवली. ती खाली ठेवली तर आपल्या आपण उभी राहिली. आतून जे निघालं ते वारा लागून उलटलेल्या छत्रीसारखं दिसत होतं. नुसत्या काड्या.

मेहुण्याने पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि दोर गुंडाळून खिशात घातला.

"भाऊजी, यात कापू काय? माझं दुकान बदनाम होईल."

मेंढीला घरी आणलं. मेंढी थरथरत होती. बायकोने कपाटातून गिऱ्हाइकाने कधीच न नेलेला एक स्वेटर काढला आणि तिचे पुढचे पाय बाह्यांत घातले. घड्याळजींनी घसा खाकरून सोमवारचं काय, असं हळूच विचारलं.

"राहू दे तिला," बायको बटणं लावत म्हणाली. "उपयोग शून्य आणि खायला दोन वेळचं. एकाला सांभाळतेच आहे इतकी वर्षं, त्यात ही दुसरी."

घड्याळजींनी समजून मान डोलावली. मेहुणा रविवारी जरा जास्तच खातो, हे त्यांनाही कधीपासून खटकत होतं.