निळूभावजी

सकाळी आठ वाजता ख्यातनाम व्हायोलिनवादक गळ्यापासून कपाळापर्यंत निळे होऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या बायकोने चहा गाळता गाळता एवढंच विचारलं, "हा रंग उशीला लागतो का?"

वादकांचा हिरमोड झाला. गेला आठवडाभर ते आणि त्यांचे मॅनेजर दार लावून खलबतं करत होते, ती काही उशीच्या अभ्र्यासाठी नव्हे. त्याचं असं झालं होतं, की वादकांचं नाव मोठं असलं तरी सभागृहं निम्मी रिकामी राहू लागली होती. मागच्या कार्यक्रमात तर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ चक्क घोरले, आणि तेही अगदी तालात.

मॅनेजरांनी मग स्पष्टच सांगितलं होतं, "लोकांना तुमचं वाजवणं पाठ झालंय. तोंडही पाठ झालंय. आता दुसरा कोणीतरी उभा केला पाहिजे."

"दुसरा कोण?"

"तुम्हीच. पण दुसरे."

अशा रीतीने 'नीलपुरुष' जन्माला आला. तो एका बिननावाच्या ताऱ्यावरून पृथ्वीवर आला होता आणि व्हायोलिन तेवढं उत्तम वाजवत होता. तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी चार वाजता, शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात त्याचा पहिला कार्यक्रम ठरला. करारात एक अट होती: तोपर्यंत जागेपणी क्षणभरही भूमिका सोडायची नाही, कारण वार्ताहर कुठूनही डोकावतील. अट वादकांना पसंतच होती. "कुठलीही गोष्ट बारा-बारा तास घोटल्याशिवाय अंगात मुरत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. याच वाक्याच्या जोरावर तीस वर्षांत त्यांनी घरातल्या एकाही कामाला हात लावला नव्हता.

"हे वाच," असं म्हणून त्यांनी छापील कागद टेबलावर ठेवला. "माझी माहिती आहे. म्हणजे त्याची."

आता इथे वादकांची एक चूक झाली. त्यांची बायको तीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसून नुकतीच निवृत्त झाली होती. कागदावर आहे ते खरं आणि समोर उभा आहे तो अर्जदार, या तत्त्वावर तिने निम्म्या शहराला वठणीवर आणलं होतं. तिने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली.

"वय नऊशे वर्षं. जन्मतारीख नाही, ते एक असो. नातेवाईक कोणी नाहीत. खोटं बोलत नाही, कारण त्याच्याकडे ती पद्धतच नाही. पृथ्वीवरची प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच पाहतो. त्याच्या ताऱ्यावर कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही." बोट थांबलं. "अविवाहित."

"ते आपलं जाहिरातीसाठी गं. मॅनेजर म्हणाले, तरुण मंडळींना बरं वाटतं."

"खाली सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग झालं," असं म्हणून ती उठली. दहा मिनिटांत वादकांची उशी, पांघरूण आणि रात्रीचे कपडे पाहुण्यांच्या खोलीत पोचले.

"अगं, हे काय चाललंय?"

"अगं-बिगं नको. परक्या माणसाने वहिनी म्हणावं. आमचे हे घरी नाहीत. त्यांच्या माघारी एका अविवाहित माणसाला मी आतल्या खोलीत झोपवू? काय म्हणतील लोक, भावजी?"

भावजी! लग्नाला तीस वर्षं झाल्यावर स्वतःच्या बायकोने आपल्याला भावजी म्हणावं, ही गोष्ट वादकांना फार लागली. पण अट म्हणजे अट. ते म्हणाले, "बरं, वहिनी."

एवढ्यात वादकांची आई काठी टेकत आली. "हा कोण?"

"ह्यांच्या ओळखीतले आहेत, आई. निळूभावजी. लांबून आलेत."

"कुठून?"

"ताऱ्यावरून," वादक म्हणाले.

"मग दमला असशील. बस हो. अरे, तिथे नको बसूस. ती माझ्या मुलाची खुर्ची आहे, दुसरं कोणी बसलेलं त्याला खपत नाही."

वादक आपल्या खुर्चीवरून उठले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. पुढचे तीन आठवडे ती त्यांची जागा झाली. टीव्हीचा रिमोट ह्यांचा, खिडकीतला पंखा ह्यांचा, चपलासुद्धा ह्यांच्याच, त्यामुळे निळूभावजींना अनवाणी हिंडावं लागलं. चहा पिऊन कप तसाच ठेवून ते उठले, तर मागून प्रश्न आला, "भावजी, तुमच्या ताऱ्यावर कप कोण विसळतं हो?"

मालक नाही, नोकर नाही आणि खोटं बोलायची पद्धत नाही. वादकांनी कागद मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिला, पण त्यातून सुटका दिसेना. "ज्याचा तो," ते म्हणाले, आणि कप विसळायला गेले.

आईचं प्रकरण त्याहून अवघड होतं. तिचा गुडघा अकरा वर्षांपूर्वी पायरीवरून घसरून दुखावला होता, आणि ती हकीकत वादकांनी पहिल्या वाक्यापुढे कधीच जाऊ दिली नव्हती. "माहितेय, आई," म्हटलं की काम भागायचं. पण निळूला माहीत असणार कसं? तो तर सगळं पहिल्यांदाच ऐकत होता. त्यामुळे त्याला ती हकीकत शेवटपर्यंत ऐकावी लागली, आणि शेवटी असं निघालं, की आई त्या दिवशी घसरली ती वादकांच्याच कार्यक्रमाला निघताना. कोणाला सांगायचं नाही म्हणून लंगडत जाऊन ती पूर्ण कार्यक्रम बसली होती.

वादक स्टुलावरून पुढे वाकले. मग म्हणाले, "फार दुखलं का हो?"

"गुणी आहे हा," आईने सुनेला सांगितलं. "याचं लग्न का नाही जमलं कुणास ठाऊक."

पाचव्या दिवशी मॅनेजर पाहणीला आले, तेव्हा नीलपुरुष खिडकीच्या काचा पुसत होता. मॅनेजर खूश होऊन निघणार, तेवढ्यात बायकोने त्यांना दारात गाठलं. "आमचे हे कुठे असतात हल्ली?"

दोन वार्ताहर फाटकापाशीच उभे होते. मॅनेजरांनी घाम पुसला. "ते दौऱ्यावर आहेत, वहिनी. परदेशी."

"मग पत्र कसं नाही? तीस वर्षांचा संसार आहे आमचा."

झालं. वादकांनी पाहुण्यांच्या खोलीत बसून स्वतःच्या बायकोला परदेशातून पत्र लिहिलं. मॅनेजरांनी कुठूनसं परदेशी तिकीट पैदा करून चिकटवलं. दुसऱ्या दिवशी बायकोने ते चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं, अर्थातच निळूभावजींना.

"'तब्येत ठीक. व्हायोलिन ठीक. इथलं पाणी जड आहे. मोजे कमी पडले.' संपलं." तिने पत्र घडी करून ठेवलं. "भावजी, तुम्ही खोटं बोलत नाही. कसं आहे पत्र?"

"वाईट आहे, वहिनी," वादक खाली मान घालून म्हणाले.

"माणूस वाईट नाही हो. पण मी घरात आहे की नाही, हे त्यांना मोजे सापडेनात की मगच कळतं." ती हे चिडून बोलली नाही. कचेरीच्या खिडकीमागून एखाद्याला दुपारी तीननंतर या असं सांगावं, तशी बोलली.

त्यांनी त्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं. चार पानं भरली, तुझी आठवण येते असंही लिहिलं आणि ते वाचताना त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले. बायकोने ते पत्र उजेडात धरून दोनदा वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"हे ह्यांनी लिहिलेलं नाही. कोणीतरी सांगून लिहवून घेतलंय."

"अक्षर त्यांचंच आहे ना?"

"अक्षर त्यांचं आहे. माणूस दुसरा आहे."

दुसऱ्या आठवड्यात निळूभावजींनी सहज विचारलं, "वहिनी, तुमच्या कचेरीत तुम्ही काय करायचात?" पहिल्यांदाच सगळं पाहणाऱ्या माणसाला हे विचारणं भाग होतं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. बाळाच्या नावावरून खिडकीशीच भांडलेल्या दोन आज्यांची गोष्ट सांगितली. स्वतःच्या मृत्यूची नोंद रद्द करायला आलेल्या म्हातारबांची सांगितली, ज्यांना तिने आधी जिवंत असल्याचा दाखला मागितला होता. "आणि नोंद चुकली तर खोडायची नाही, भावजी. एकच आडवी रेघ मारायची. जुनं वाचता आलं पाहिजे. बाजूला नवं लिहायचं, सही करायची, दोन साक्षीदार घ्यायचे. माणसाने आधी काय चूक केली होती, ते पुसून कसं चालेल?" बोलता बोलता ती इतकी हसली, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

तिचं असं हसणं वादकांनी वीसेक वर्षांत पाहिलं नव्हतं. आधी त्यांना बरं वाटलं. मग लक्षात आलं, की ती हसतेय निळूशी. त्या निळ्याशी! हळूहळू त्यांना त्याचा मत्सर वाटू लागला. आरशासमोर तोंड रंगवताना ते त्याच्याकडे रोखून बघायचे. एकदा रंगाची डबी आपटून म्हणालेही, "तुझं इथे काम काय?" बाहेरून बायकोचा आवाज आला, "कोणाशी बोलताय भावजी? कोणी आलंय का?"

रविवार उजाडला. पंधरा वर्षांत बायको वादकांच्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. कधी डोकं, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा. आज ती ठेवणीतले कपडे घालून, केसांची नवी ठेवण करून, सासूबाईंचा हात धरून पहिल्या रांगेत बसली होती.

वादकांनी व्हायोलिन खांद्यावर घेतलं. तीन आठवडे ऐकायची सवय लागली होती, त्यामुळे पहिला सूर काढल्यावर ते थांबले आणि तो नीट ऐकला. मग दुसरा. तीच जुनी धून होती, पण आज ती त्यांना स्वतःलाच पाठ नसल्यासारखी वाटत होती. कोणी घोरलं नाही. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं, आणि सगळ्यात आधी उभी राहिली ती त्यांची बायको. दोन्ही हात उंच करून ती टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्या आपल्यासाठी नाहीत, हे ओळखून वादकांचा चेहरा पडला. निळ्या रंगामुळे ते कोणाला दिसलं नाही.

आत येताच त्यांनी नळ सोडला आणि तोंड घासायला घेतलं.

"पुसू नका!" मॅनेजरांनी त्यांचा हात धरला. "शंभर कार्यक्रमांची मागणी आहे. घरीसुद्धा निळेच जा."

"निळा गेलो तर पाहुण्यांच्या खोलीत झोपतो मी. मला माझ्या घरी जायचंय."

संध्याकाळी सात वाजता वादक रंग धुऊन, स्वतःच्या तोंडाने घरी आले. बायको आणि आई आधीच पोचल्या होत्या. बायकोने दार उघडलं. "आलात? दौरा कसा झाला?"

आई त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती. "निळू नाही आला?"

"तो गेला."

"न सांगता? तसा नव्हता रे तो."

वादक आपल्या खुर्चीत बसले. या खुर्चीसाठी त्यांनी तीन आठवडे स्टुलावर झुरत काढले होते. चहा आला, तो त्यांनी प्यायला आणि कप खाली ठेवला. आई गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाली, "आज त्या पायऱ्या चढताना—"

"माहितेय, आई," वादक म्हणाले.

आईने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. बायकोने कप उचलायला हात पुढे केला, त्यांच्याकडे न बघताच. वादकांना भर संध्याकाळी कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. या घरातून कोण निघून गेलंय आणि कोण परत आलंय, ते त्यांना एकदम कळलं.

त्यांनी तिच्याआधी कप उचलला, आत जाऊन विसळला. टेबलाच्या खणातून तो छापील कागद काढला, पेन घेतलं, 'अविवाहित' या शब्दावर एकच आडवी रेघ मारली, बाजूला 'विवाहित' असं लिहिलं आणि खाली सही करून कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने चष्मा लावला. रेघ तपासली. जुनं वाचता येत होतं.

"ही पद्धत तुम्हाला कोणी सांगितली? मी तर निळूभावजींना सांगितली होती."

"तेच म्हणाले मला. असंही म्हणाले, की वहिनींकडून भावजी म्हणवून घेणं आता सोसत नाही."

तिने चष्म्याची काच उगाचच पुसली. मग म्हणाली, "साक्षीदार दोन लागतात."

आईने तिथेच सही केली. दुसऱ्याची सोयही आपोआप झाली, कारण वादकांची मनधरणी करायला मॅनेजर धापा टाकत दारात आले होते. त्यांच्या हातात पेन देण्यात आलं.

"पण तरुण मंडळींना काय सांगू मी?"

"सांगा, नोंद दुरुस्त झाली," बायको म्हणाली. "आणि उद्यापासून शंभर कार्यक्रमांना हा माणूस निळाच येईल. घरीही निळाच राहील."

मॅनेजरांनी झटक्यात सही केली. बायकोने पाहुण्यांच्या खोलीतून उशी आणली, तिला जुना गडद अभ्रा चढवला आणि ती आतल्या खोलीत नेऊन ठेवली. वादक आईजवळ स्टूल ओढून बसले होते. "हं, त्या पायऱ्यांचं काय सांगत होतात?"

आईने सांगायला तोंड उघडलं, आणि मग काहीतरी आठवून सुनेकडे वळली. "अगं, पण मग माझा मुलगा?"

"ते येतीलच अधूनमधून, आई. त्यांच्यासाठी पाहुण्यांच्या खोलीत अंथरूण आहे."

आईने जरा विचार केला. "त्याला कळव," ती म्हणाली, "सावकाश ये म्हणावं. घाई नाही."