सासूबाईंचा सेकंड गिअर

सासऱ्यांना मरेपर्यंत कळणार नाही, अशी छातीठोक हमी जावयाने मिस्त्रीला दिली होती. मिस्त्री हात पुसत एवढंच म्हणाला, "इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा, ब्रेक नवे. जुना राहिला तो रंग. आणि म्हणे कळणार नाही!"

गाडी म्हणजे सासऱ्यांचा जीव की प्राण. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या लिलावात त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. लांबलचक, कातडी सीटांची, टप मागे दुमडता येणारी. दिसायला राजेशाही, पण घरच्या चौघांनी हात लावल्याशिवाय जागची हलायची नाही. तरी आतला एक स्क्रूही बदलायचा नाही, हा सासऱ्यांचा कायदा. एकदा जावयाने नुसता हॉर्न बदलला, तर ते चार महिने त्याच्याशी मुलीमार्फत बोलत होते.

मग त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता ढकलणं बंद म्हणजे गाडीही बंद, विकून टाका, असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. जावयाला ते बघवेना. सासरे खाटेवर असतानाच त्याने गाडी गुपचूप गॅरेजात नेली.

रविवारी सासरे काठी टेकत खाली आले. सीटवर बसले, पेडल तीनदा दाबलं, डॅशबोर्डला नेहमीचा गुद्दा घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन तत्काळ सुरू झालं. पण आवाज शिवणयंत्राएवढाही नाही, आणि सासऱ्यांचे कान तर पस्तीस वर्षांत या गाडीनेच निम्मे निकामी केलेले.

"नाही झाली सुरू," सासरे समाधानाने म्हणाले. "एकदा ढकलू, मग विकू."

जावयाची पंचाईत झाली. चालू आहे म्हणावं तर पितळ उघडं पडणार, गप्प बसावं तर चालू गाडी ढकलावी लागणार. तो ढकलायला मागे जाऊन उभा राहिला.

जागा ठरलेल्या होत्या. मागे जावई आणि त्याची बायको, गुडघ्यामुळे आज बाजूला नुसता हुकूम द्यायला सासरे, स्टिअरिंगवर सासूबाई. सासूबाईंना गाडी चालवता येत नव्हती. क्लच दाबून सेकंड गिअर टाकायचा, "सोड" म्हटलं की क्लच सोडून ॲक्सिलरेटर दाबून धरायचा, एवढंच त्यांना नवऱ्याने शिकवलं होतं.

"आई, तुम्ही आज राहू द्या ना," जावई काकुळतीला आला.

"का? माझ्या पायाला काय धाड भरलीय?"

दोघांनी मागून जोर लावला. "सोड!" सासरे ओरडले.

गाडी गेली. जावई होता तिथेच पालथा पडला. सासूबाई कोपऱ्यावरून वळल्या, दूधवाल्याची सायकल थोडक्यात वाचली, आणि गल्लीला वळसा घालून त्या पुन्हा समोरून येताना दिसल्या.

"अहो, हिला थांबवू कशी?"

"क्लच दाब, आणि मधला ब्रेक चार वेळा दाब!" सासऱ्यांनी जुना उपाय सांगितला.

पहिल्याच दाबाला गाडी जागच्या जागी थांबली. सासूबाईंचा चष्मा काचेवर आपटला. पस्तीस वर्षांत ती गाडी कुणाच्या सांगण्यावरून थांबली नव्हती. सासऱ्यांनी बॉनेटवर हात ठेवला, खालची थरथर त्यांच्या तळव्याला लागली, आणि त्यांनी जावयाकडे पाहिलं.

जावई गुडघे झाडत उठला. "बाबा, तुम्ही विकायचं म्हणालात, मला राहवलं नाही. रागावा, पण मुलीमार्फत नको."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. ते काही बोलणार, तोच सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे आता ढकलायला कुणी लागत नाही?"

"नाही, आई."

"मग अहो, बसा. माझ्या ताईकडे जाऊन येऊ."

"तू सरक, मी चालवतो."

"त्या गुडघ्याने क्लच दाबणार? डॉक्टर काय म्हणाले?" सासूबाईंनी चष्मा सरळ केला. "मला सेकंड गिअर येतो. ताईचं घर सेकंड गिअरात बसतं."

सासरे निमूटपणे शेजारी बसले. काठी मांडीत, दोन्ही हात दारावर घट्ट. गाडी सुटता सुटता त्यांनी जावयाला खुणेने जवळ बोलावलं.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "मला कळलं त्याचं काही नाही हो. पण हिला कशाला कळू दिलंत?"