आधी गोणी, मग माणसं

आमच्या चाळीतले परबकाका भेटल्यावर कोणालाही 'कसं काय' म्हणून विचारत नाहीत. ते वजन विचारतात. समोर नवी नवरी असो, गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार असो, काका चष्मा कपाळावर सरकवतात, माणसाला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळतात आणि म्हणतात, "लोड किती?" आकडा सांगितला की मान डोलावतात. नाही सांगितला तर स्वतःच अंदाज करून मोठ्याने सांगतात. तेव्हा आपण होऊन सांगून मोकळं झालेलं बरं.

मी त्यांना कायम चार किलो कमी सांगायचे. चाळीतल्या बहुतेक बायका तेच करतात. एकटी माझी आई तेवढी खरा आकडा सांगायची, तोही न चिडता. "ह्या माणसाला काही पोच आहे का गं?" असं मी कुरकुरले की म्हणायची, "इचारूंदेत गो. तुझा काय जाता?"

काकांची नोकरी टपाल खात्यात, पार्सलच्या खिडकीवर झाली. जन्मभर लोकांच्या लाडवांचे डबे आणि पापडांची खोकी जोखली, त्यामुळे हात आणि डोळा दोन्ही तराजू झाले असतील, असं मी समजून चालले होते. खरं कारण मला फार उशिरा कळलं.

एकदा मी कपाटाच्या किल्ल्या घरी विसरले. काका बिचारे उन्हातून चिंचपोकळीहून चालत लोअर परळला माझ्या ऑफिसात त्या द्यायला आले. मी खाली गेले आणि त्यांना वर न्यायला त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टमध्ये भिंतीवर किती माणसं, किती किलो, ते लिहिलेलं असतं. ते वाचायची गरज माझ्या माहितीत आजवर कोणालाच पडली नव्हती. काकांनी वाचलं आणि दाराच्या मधोमध उभे राहून एकेकाला लोड विचारायला सुरुवात केली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली शिकलेली मंडळी भांबावून आकडे सांगू लागली. शेवटी माझ्या साहेबांपाशी येऊन काका थांबले. "साहेब, तुम्ही जरा पुढच्या खेपेला या. हेवी ड्युटी आहात." साहेब मुकाट्याने बाहेर पडले आणि चक्क जिन्याने वर आले. त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही, त्याचा या प्रसंगाशी संबंध नसावा अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

'हेवी ड्युटी' हा त्यांचा लाडका शब्द. चांगला चहा हेवी ड्युटी, जाड भाकरी हेवी ड्युटी, तळमजल्यावरच्या पाटकरांची भांडकुदळ सूनही हेवी ड्युटी. हा शब्द त्यांनी उचलला मोबाइलवरून. निवृत्त झाल्यावर त्यांना दगडधोंड्यांतून जीप चढवणाऱ्या अमेरिकन माणसांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. त्यातल्या एका दाढीवाल्यावर त्यांचा फार जीव. इंग्रजी ओ का ठो कळत नाही, पण कोणत्याही विषयावर "आमचो टेक्सासवालो म्हणता" असं सांगून ते वाद मिटवतात. दाढीवाला काय म्हणतो हे चाळीत कोणीच तपासायला जात नाही.

पुढे त्यांनी लिलावातून एक जुनी जीप घेतली. फंडाच्या पैशांत लोक घराला रंग लावतात. यांनी चाळीच्या पटांगणात ते धूड आणून उभं केलं. आणि त्याच संध्याकाळी आमच्या दारात येऊन आईला म्हणाले, "वयनी, आता तुमका आक्काकडे नेल्याशिवाय मी गप रवचंय नाय."

इथे आक्काचं सांगायला हवं. आक्का म्हणजे आईची थोरली बहीण, माझी मावशी. ती आमच्या कोकणातल्या गावी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वाडीत राहायची. परबकाकांचं घरही त्याच वाडीत, पण ते कित्येक वर्षं तिकडे फिरकले नव्हते. एसटी खालच्या देवळापाशी सोडते. तिथून वर वाडीपर्यंत रस्ता म्हणायचा म्हणून. नुसता कातळ, घळी आणि गुळगुळीत झालेले धोंडे. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला तो चढ जमेना. आक्काला अंथरुणातून दारापर्यंत यायलाच दम लागायचा, ती खाली कुठून उतरणार? दोघी रोज फोनवर ओरडून बोलायच्या आणि फोन ठेवला की आई बराच वेळ भिंतीकडे बघत बसायची. अलीकडे तर आक्काचा आवाज इतका बारीक झाला होता की आई नुसतीच "हां, हां" म्हणायची. डोळे मिटायच्या आधी एकदा बहिणीला बघायचं, एवढंच तिच्या मनात उरलं होतं.

आम्ही काकांना म्हटलं, चला मग. पण नाही. काकांचा नियम आडवा आला. "आधी गोणी, मग माणसं." म्हणजे ज्या माणसांना न्यायचं त्यांच्या वजनाच्या रेतीच्या गोण्या भरायच्या, त्या गाडीत माणसांच्या जागी बसवायच्या आणि तो चढ एकदा चढून यायचं. गोण्या सुखरूप परत आल्या, तरच माणसांची पाळी.

त्याप्रमाणे एका रविवारी पटांगणात गोण्या भरल्या गेल्या. एकीवर मार्करने 'वयनी' आणि वजन. दुसरीवर 'सुजाता' आणि वजन. सुजाता म्हणजे मी. दोन्ही गोण्यांना मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलं होतं आणि जीप दिवसभर तशीच उभी होती. येणारा जाणारा आधी माझा आकडा वाचायचा, मग वर गॅलरीत माझ्याकडे बघायचा. चार किलो कमी सांगितल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढच्या सीटवर, काकांच्या शेजारी, आणखी एक गोणी होती. तिच्यावर नाव नव्हतं. "ही कोणाची हो?" मी विचारलं. काका पट्टा ओढून बघत म्हणाले, "आसा एक माणूस." मी पुढे काही विचारणार, तेवढ्यात आईने वरून हाक मारून मला उगाचच आत बोलावलं.

गोण्या परत आल्या, पण टेम्पोतून, आणि मागोमाग जीप ट्रकवर लादून. चढाच्या अर्ध्यावर, एका वळणावर, जीपचा मागचा एक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, काडकन मोडला होता. आई खचली. काका मात्र विजयी मुद्रेने सगळ्यांना सांगत फिरत होते, "बघितलंत? माणसं असती तर?"

मग हेवी ड्युटी एक्सलचं पर्व सुरू झालं. मोठ्या गाडीचे, जाड दांड्याचे एक्सल पुढे आणि मागे बसवायचे असं ठरलं. पुलाखालच्या गॅरेजवाल्या रफिकभाईंकडे एवढे दिवस गाडी अडकवून ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते पटांगणातच येऊन काम करायचे. जीप लाकडी ठोकळ्यांवर चढली. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या. स्प्रिंगचे पाटे आले, नवे बोल्ट आले, परवानगीचे कागद करण्यासाठी काकांनी खेटे घातले. रफिकभाई म्हणायचे, "चाचा, इसपे ट्रक चलेगा, आपको दो औरतों को बिठाना है." काका म्हणायचे, "बिठाना नहीं, वापस लाना भी है."

अखेर एके सकाळी जीप ठोकळ्यांवरून उतरली. उंच, रुबाबदार, पहिलवान दिसत होती. अख्खी चाळ गॅलरीत जमली. काकांनी नारळ फोडला, स्टार्टर मारला, गाडी गेटपर्यंत नेली आणि ती अडली.

नवे एक्सल लांब होते. चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. ज्या माणसाला चाळीतल्या प्रत्येकाचं वजन पाठ होतं, त्याने गेटची रुंदी मोजली नव्हती. रफिकभाईंनीही नाही. जेमतेम चार बोटं कमी पडत होती.

सूचनांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं, टायरमधली हवा काढा, गाडी बारीक होईल. पाटकर म्हणाले, एका बाजूला शंभर माणसं लावून तिरकी करा. गेटच्या एका अंगाला विजेच्या मीटरांची खोली होती, तिला हात लावता येत नव्हता. दुसऱ्या अंगाला एक बाक होता. हळूहळू सगळ्यांचं बोलणं थांबलं, कारण सगळ्यांना तो बाक दिसला होता आणि त्याचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती.

तो बाक काकांनीच बांधलेला. सिमेंटचे दोन पाय, वर कडप्प्याची लादी आणि लादीच्या कडेला कोरलेलं: 'कै. सौ. सुलोचना परब हिच्या स्मरणार्थ'. सुलूकाकी गावी गेली असताना वारली, एवढंच मला माहीत होतं; मी तेव्हा लहान होते. रोज संध्याकाळी काका त्या बाकावर बसायचे, अगदी एका टोकाला. दुसरं टोक रिकामं असायचं.

आई काठी टेकत जिना उतरून खाली आली. "ऱ्हवांदे भावजीनू," ती म्हणाली. "बाक मोडू नकात. मी फोनार बोलतंय ना रोज तिच्याशी."

काकांनी लादीवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, "वयनी, फोनार हात धरूक गावता काय?"

त्यांनी छिन्नी-हातोडा मागवला. कोणालाही हात लावू दिला नाही. पाय फोडताना लादीला धक्का लागू नये म्हणून खाली घरातल्या सतरंज्या रचल्या होत्या. लादी सुटली, तशी त्यांनी ती खांद्यावर घेऊन आपल्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. मी गॅलरीत उभी राहून रडले. आमच्यासाठी कोणी एवढं करेल, असं मला आजवर वाटलं नव्हतं.

गोण्यांची फेरी पार पडली. गोण्या चढ चढून, उतरून, जीपमधूनच परत आल्या. मग आमची पाळी.

निघायच्या दिवशी बघते तर पुढच्या सीटवरची बिननावाची गोणी गायब. तिच्या जागी ती लादी उभी, पट्ट्याने बांधलेली, नाव आमच्याकडे. खाली पाच-सहा नारळ.

"काका, कोकणात नारळ नेताय?"

"लादी जरा कमी भरता," ते म्हणाले. "वजन पुरा नको करूक?"

तेव्हा त्या गोणीत कोणाचं वजन होतं ते मला कळलं. मी आईकडे पाहिलं. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं.

चढ सुरू झाला. धोंड्यांवरून जीप कुरकुरत, पण ठामपणे चढत होती. अर्ध्यावरच्या वळणावर, जिथे जुना एक्सल मोडला होता, तिथे काकांनी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. आरशात न बघता बोलले.

"ह्याच वळणार, सुजाता. सुलूक ताप होतो, खाली डॉक्टराकडे न्हेयत होतंव. वाडीत एकच जीप. लग्नाची माणसा, तांदळाची पोती, टपार पोरा, सगळी भरल्यानी. हय एक्सल मोडलो. डोली बांधून खाली न्हेयसर उशीर झालो." मग म्हणाले, "जलमभर लोकांची पार्सला जोखलंय आणि त्या दिसाक गाडीतलो लोड इचारूक नाय."

आईने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी गियर टाकला. ते वळण जीपने एका दमात काढलं.

आक्का दारात खुर्ची टाकून बसली होती. आई उतरली, काठी टाकून दिली आणि दोन पावलं तशीच गेली. "इलंस गो बाये?" आक्का म्हणाली. इतके महिने फोनवर ओरडणाऱ्या त्या दोघी, समोर आल्यावर नुसत्या एकमेकींच्या हातावरून हात फिरवत राहिल्या.

काकांनी लादी उतरवली. अंगणात जांभ्याचे चिरे पडले होते. त्यांतले चार रचून त्यावर ती ठेवली, हाताने दाबून बघितली, स्वतः बसून बघितलं. मग दोघी बहिणींना धरून तिच्यावर बसवलं. त्यांनी कोणाला वजन विचारलं नाही. वाडीतल्या लोकांनी त्यांना चहाला बोलावलं तरी ते जीपपाशीच उभे राहिले, त्या दोघींकडे बघत.

आक्का पुढच्या शिमग्यापर्यंत राहिली नाही. पण आईच्या तोंडून त्याबद्दल हळहळ मी ऐकली नाही. तिला हात धरायला मिळाला होता.

त्या दिवशी, दोघी लादीवर बसलेल्या असताना, मी जीपपाशी गेले. आभार मानायचे होते. काय बोलणार? शेवटी मी त्यांच्या कानाशी जाऊन माझं वजन सांगितलं. खरं, चार किलोंसकट.

काका चाकाला लागलेली लाल माती बोटाने खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "ठावक आसा गो. गोणयेर तुझो आकडो लिवलंय. रेती खरी भरलंय."