शांत स्वभावाच्या गाडीचा बचाव

मोटार ही मुळात शांत स्वभावाची वस्तू आहे. समोर माणूस आला तरच ती बिघडते. म्हणून चौकशी आधी माणसाची व्हावी, हे हिंजवडीतल्या कुठल्याही सुजाण सोसायटीला सांगावं लागत नाही.

गेटवरच्या सुखदेवला मात्र हे कळत नसे. तो वर्ध्याकडचा. "ताई, साहेबाले सांगा न, गाडी अंगावर आणते ते. एखाद दिवशी कोणाचं तरी वाईट होईल," असं तो हेमाला एकदा म्हणाला होता. "अहो, ऑफिसचं टेन्शन असतं त्यांना," म्हणत हेमाने त्याला उरलेला ढोकळा दिला. (ढोकळा सकाळचाच होता. बचावाच्या दृष्टीने हे महत्त्वाचं.)

पुढे सोसायटीत नियम झाला: काचेवर स्टिकर नसलेली गाडी, मग ती कोणाचीही असो, गेटवर अडवावी. नियम सेक्रेटरींनी केला. सेक्रेटरी म्हणजे हेमाचा नवरा, केयूर. लगेचच केयूरने नवी गाडी घेतली, स्टिकर लावायचा राहिला, आणि सुखदेवने नियम खरा मानला. तो हात आडवे करून बॉनेटसमोर उभा राहिला. केयूरला कॉल होता. सुखदेवचा पाय मांडीत मोडला.

आरोपीने वाहनाचा शस्त्रासारखा वापर केला, असं पोलिसांनी लिहिलं. सोसायटीला धक्काच बसला. (पायाचा नव्हे, 'आरोपी' या शब्दाचा.) तातडीच्या सभेने केयूरला एकमताने पाठिंबा दिला. भाडेकरूंना मत नव्हतं. सुखदेव तर भाडेकरूही नव्हता. त्याने नियम 'अवाजवी निष्ठेने' पाळल्याबद्दल सभेने खेद व्यक्त केला.

वकील कसबा पेठेतले, शरच्चंद्र. चहाला नको म्हणून ते थेट मुद्द्यावर आले.

"शस्त्राचा परवाना कोण देतं? पोलीस. गाडीचा? आरटीओ. मिटलं! शिवाय शस्त्र माणूस लपवतो. आपण तर गाडी घेतल्याचे पेढे वाटलेत. आणि मुख्य म्हणजे, पोटची पोर मागे बसलेली असताना कोणी हल्ला करतं का? काय आठवतंय तिला?"

पाच वर्षांच्या स्वरालीला सगळंच आठवत होतं. "बाबा म्हणाले, सरक, नाहीतर घालीन अंगावर."

"नाही गं राणी," हेमा म्हणाली. "बाबांचा पाय घसरला."

"पण ते म्हणाले ना..."

"पाय घसरला. म्हण बघू."

द्राक्षं तीनदा धुऊन देणारी, सीटबेल्ट दोनदा ओढून बघणारी आई हेही मन लावूनच शिकवते. पोरगी हुशार. पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं. केयूरला जामीन मिळाला.

गेटवर आता मच्छिंद्र आहे. त्याला नियम दाखवलेलेच नाहीत. काल तो पार्किंगमध्ये पाठमोरा उभा असताना स्वरालीने तीनचाकी सायकल लांबून पळवत आणली, "सरक!" म्हणाली, आणि तो सरकायच्या आत चाक त्याच्या पोटरीवर घातलं. मग आईकडे बघून शांतपणे म्हणाली, "माझा पाय घसरला."

उच्चार अगदी स्वच्छ होते. वरच्या गॅलऱ्यांतून लोक कौतुकाने हसले. हेमाने न हसता सायकल उचलून घरात नेली.

सुखदेव सध्या खडकीला बहिणीकडे आहे म्हणतात. चालता येतं की नाही, कोणी विचारलेलं नाही. हेमाला जाववत नाही. शिवाय स्वरालीला एकटं सोडायची आता भीती वाटते. आपण कोणी त्या बाजूला जाणार असाल तर तेवढं बघून या. गाडी मात्र लांब लावा. आपला स्वभाव शांत आहे, हे त्याला कुठे ठाऊक?