हजारावा चष्मा

"क्लबवाल्यांना दहा मिनिटांत वाटेला लावते, आत्या. तू फक्त बघ!" असं छातीठोकपणे सांगून लेक चहा टाकायला आत गेली. चूक झाली ती इथेच. परोपकारी माणसांना बैठकीच्या खोलीत मोकळं सोडू नये!

तिचे बाबा जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांनी हयातभर सेवा क्लबचं चष्म्यांचं काम सांभाळलं. लोकांचे जुने चष्मे गोळा करायचे, यंत्रावर एकेकाचा नंबर मोजायचा, तो बारीक अक्षरात चिठ्ठीवर लिहून काडीला आतून चिकटवायचा आणि खोकी समुद्रापारच्या गरजूंना धाडायची. क्लबच्या अहवालात याला 'जागतिक कार्य' म्हणत. घरात 'पसारा' म्हणत.

सांत्वनाला क्लबची तिघं आली होती. अध्यक्षांचं पंख्यांचं दुकान होतं आणि भाषणही त्याच जातीचं, जागच्या जागी गरगर! सेक्रेटरीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. माणसं अजून रांगेने मोजायच्या. तिसरे दंतवैद्य. ते क्लबचे फोटो काढत आणि सवयीने सगळ्यांना "मोठा आ करा" म्हणत.

"दादाचं ते क्लबचं सामान तेवढं घेऊन जा हो, येता-जाता ठेच लागते," आत्या म्हणाली. तिचं बोट कोपऱ्यातल्या यंत्राकडे होतं. पण बोटाच्या वाटेत टेबल होतं, टेबलावर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रावर बाबांचा चष्मा. क्लबचे यंदा नेमके नऊशे नव्व्याण्णव चष्मे जमले होते. अध्यक्षांना गहिवरून आलं.

"पाहिलंत? जाता जाता हजार पुरे करून गेला!"

लेक ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा क्लबवाले यंत्रासकट गेले होते आणि खोलीत आत्या तेवढी उरली होती.

"आत्या! बाबांचा चष्मा?"

"तोही नेला? अगं बाई, मला वाटलं पेपर चाळतायत!"

तो चष्मा साधासुधा नव्हता. तपकिरी फ्रेम, काडीला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी (माणूस इतका शिस्तीचा की स्वतःच्या चष्म्यालाही नंबर लावलेला!) आणि डाव्या काडीचं टोक चावून चावून चेपलेलं. बाबांना काही चावताना तिने कधी पाहिलं नव्हतं. पण ती कित्येक वर्षं दुसऱ्या गावी राहत होती. ते दातांचे ठसे सापडले आणि तिला वाटलं, एकटे विचार करत बसलेले बाबा आपल्याला सापडले. आणि आता तोच चष्मा चारच्या ट्रकने बंदराकडे निघणार होता.

ती क्लबच्या हॉलवर पोचली तेव्हा तीन वाजले होते.

"कुठल्या खोक्यात टाकलात?"

"सेवेत आपण हिशेब ठेवत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"अहो, नंबरवार लावले असतील ना?"

बाईंनी घसा खाकरला. बाबांच्या आजारपणामुळे यंदा एकाही चष्म्याचा नंबर मोजलेला नव्हता. यंत्र चालवणारा माणूसच उरला नव्हता. समुद्रापारच्या गरजूंनी एकमेकांचे चष्मे लावून बघायचे आणि ज्याला जे दिसेल ते त्याचं नशीब!

बाराही खोकी टेबलावर पालथी झाली. "जवळून बघा, जवळून!" बाई ओरडल्या. जवळून बघायला तिघांनीही आपापले चष्मे काढून टेबलावर ठेवले. आणि पाचव्या मिनिटाला, ज्या तत्परतेसाठी क्लब प्रसिद्ध होता त्याच तत्परतेने, ते ढिगात मिसळले.

"माझा चष्मा?"

"हा घ्या!"

"हा बायकी आहे हो!"

दंतवैद्यांनी एका उभ्या पंख्याला खुर्ची देऊ केली. अध्यक्ष कोट अडकवायच्या खुंटीला "घाबरू नका, क्लब तुमच्या पाठीशी आहे" असं सांगत होते.

इतक्यात ट्रकवाला आला. ही धांदल बघून त्यानेही सहज एक चष्मा उचलून नाकावर चढवला आणि भिंतीकडे बघतच राहिला.

"अरेच्चा! ती अक्षरं आहेत होय? मला इतकी वर्षं वाटायचं, ओल आलीय!"

भिंतीवर क्लबचं ब्रीद होतं: 'सेवा शेवटच्या माणसापर्यंत'.

"मग तुम्ही गाडी कशी चालवता?" लेकीने विचारलं.

"अंदाजाने. समोरचा हॉर्न देतोच की!"

"काढा तो!" बाई कडाडल्या. "तो परदेशातल्या गरजूंसाठी आहे!"

त्याने मुकाट्याने चष्मा काढला. तपकिरी फ्रेम. चावलेलं टोक. चिठ्ठी! लेकीने तो दोन्ही हातांत घेतला, पर्समध्ये टाकला आणि ती दारापर्यंत गेलीही. मागे ट्रकवाला डोळे बारीक करून भिंतीतली ओल शोधत होता.

ती परत फिरली. "यंत्र कुठे आहे?"

सुट्टीत बाबांनी शिकवलं होतं: चक्र हळूहळू फिरवायचं, धूसर रेघा ठसठशीत झाल्या की आकडा वाचायचा. सत्तेचाळीसाव्या चष्म्याला बाबांच्या चिठ्ठीतला नंबर जुळला. वाटेत तिघांचे चष्मेही सापडले. तिने नवी चिठ्ठी लिहिली, तर अक्षर थेट बाबांसारखं बारीक आलं. ती जरा थांबली. मग चिठ्ठी चिकटवून चष्मा ट्रकवाल्याला दिला.

"नऊशे अठ्ठ्याण्णव!" अध्यक्ष कळवळले. मग डोळस झालेल्या त्यांच्या नजरेला तिच्या पर्समधून डोकावणारी काडी दिसली. "अहो, हा तर माझा! नऊ वर्षांपूर्वी मी दान केलेला! फोटो आहे!"

"काहीतरीच काय!"

दंतवैद्यांनी काडी उजेडात धरली. "यांचाच वाकडा सुळा. भाषण लिहिताना चावायचे. पुढे मीच काढला तो."

बाई खुर्चीत बसल्या. "आत्ता आठवलं. त्या वर्षी तुझ्या बाबांनी स्वतःचा नवाकोरा चष्मा खोक्यात टाकला होता. मी विचारलं, तर म्हणाले, 'नंबर एकच आहे. पाठवायचा तर चांगला पाठवावा. चावलेला मी वापरेन.'"

 मग अध्यक्षांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे माझं दान पोचलं! दोन गल्ल्या का होईना, पण पोचलं! लाभार्थीच्या मुलीसोबत एक फोटो..."

"मोठा आ करा," दंतवैद्य म्हणाले.

घरी आत्या दारातच उभी होती. "मिळाला दादाचा चष्मा?"

"मिळाला. चिठ्ठी बाबांची आहे. दातांचे ठसे अध्यक्षांचे."

आत्याने चष्मा दोन बोटांच्या चिमटीत धरला.

"शी! आणि तीन आठवडे तू हा गालाशी धरून झोपत होतीस?"